वकील बदलायचाय? आधी फाईल हातात येऊ दे

अगं,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण तू इतकी चिडलेली होतीस की म्हटलं सकाळीच लिहू. "उद्याच त्यांना काढून टाकते." काढ ना, वकील बदलायचा हक्क तुझाच आहे. फक्त उद्या नको. आधी पुढची तारीख कधी आहे आणि त्या दिवशी काय दाखल करायचंय ते बघ, कारण वकील गेला म्हणून तारीख थांबत नाही, आणि समोरचा वकील हजर नि तुझ्या बाजूला कोणीच नाही, असं व्हायला नको.

आणि खरं सांग, कागद अर्धवट का राहिले? ते फोन उचलत नाहीत हे मान्य, पण उत्पन्नाच्या ॲफिडेव्हिटसाठी बँक स्टेटमेंटं मागितली होती ती दिलीस का? फी थकली म्हणून त्यांनी काम सोडलं, काम होत नाही म्हणून तू फी अडवलीस, आता आधी कोंबडी की आधी अंडं करत बसा. मी पण माझ्या वेळी अगदी हेच केलं होतं आणि त्यात दोन तारखा फुकट गेल्या, म्हणून एवढं बोलतेय.

तर फीचं भांडण वेगळं आणि फाईल वेगळी. तुझे वकील म्हणतात ना "आधी पैसे, मग फाईल", ते आपल्याकडे चालत नाही. इंग्लंडमध्ये फी थकली तर सॉलिसिटरला कागद अडवून ठेवता येतात, पण आपल्या सुप्रीम कोर्टाने २००० साली आर. डी. सक्सेना केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की फीसाठी वकिलाला अशिलाची फाईल अडवता येत नाही, फी हवी तर त्यासाठी कायद्याचे दुसरे मार्ग आहेत. म्हणजे तुझं देणं माफ झालं असं नाही हं! झालेल्या कामाचे पैसे द्यावेच लागतील, हिशोब लेखी माग.

फोनवर काही बोलू नकोस, मेल कर. अर्जाची प्रत, समोरच्यांचं उत्तर, आतापर्यंतचे आदेश, आणि मुख्य म्हणजे तू दिलेले ओरिजिनल, लग्नाचा दाखला वगैरे, एकेक नाव लिहून माग. कोर्टात जे दाखल झालंय त्याची सर्टिफाईड कॉपी तुला तिथूनही मिळते, पण ओरिजिनल त्यांच्या कपाटात असतील तर ते त्यांच्याकडूनच घ्यावे लागणार. मग नवीन वकील, नवीन वकालतनामा (तुझ्या वतीने केस चालवायला वकील नेमल्याचा सही केलेला कागद), आणि जुन्या वकिलांची एनओसी, म्हणजे त्यांची हरकत नाही असं लेखी. ती देत नसतील तर अडून बसू नकोस, दिवाणी प्रक्रिया संहितेत (ऑर्डर ३, रूल ४) कोर्टाच्या परवानगीने आणि तुझ्या सहीच्या लेखी अर्जाने जुना वकालतनामा संपवता येतो, नवीन वकील ते करतील.

मेल पाठवायच्या आधी मला दाखव. त्यात "फसवणूक" हा शब्द असणार हे मला माहितीये, तो मी काढणार आहे.

ताई