प्रोटॉनचे लाईट द्यायचे, तर स्कॅनही प्रोटॉननेच का काढत नाहीत?

भाच्याच्या मेंदूतल्या गाठीसाठी नाशिकहून खारघरला टाटाच्या केंद्रात जाताय, उपचार प्रोटॉनचा (प्रोटॉन म्हणजे अणूच्या गाभ्यातला एक कण), मग प्लॅनिंगचा, म्हणजे उपचार आखण्यासाठीचा, सीटी स्कॅन एक्स-रेचा कशाला, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. मी नाशिकमध्येच रेडिओथेरपीत मेडिकल फिजिसिस्ट आहे. आम्ही लिनॅकवर (रेडिएशन देणाऱ्या यंत्रावर) एक्स-रेचेच ‘लाईट’, म्हणजे रेडिएशन, देतो.

एक्स-रे गाठ ओलांडून पलीकडे निघून जातात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो आणि थांबता थांबता सगळ्यात जास्त ऊर्जा तिथे सोडतो. लहान मुलांसाठी हे फार मोलाचं. पण तो नेमका कुठे थांबेल? सीटीतून कळतं ते एक्स-रे किती अडले एवढंच. प्रोटॉनचा हिशोब त्यावरून रूपांतर करून मांडावा लागतो आणि फरक पडतो तो तिथेच. म्हणून खोलीच्या साधारण 3.5 टक्के मोकळीक धरायची पद्धत आहे. गाठ 10 सेंमी आत असेल तर 3.5 मिमी, 20 सेंमी आत असेल तर 7. शेजारी ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ) किंवा डोळ्याची नस असली की हे मिलिमीटर जिवावर बेतू शकतात.

स्कॅनच प्रोटॉनने काढला, म्हणजे प्रोटॉन आरपार जाईल इतकी ऊर्जा देऊन, तो कुठून शिरला, कुठून निघाला आणि किती ऊर्जा उरली हे मोजलं, तर रूपांतराची भानगड जवळजवळ संपते. शिवाय डोसही कमी लागतो. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी प्रोटॉन उपचार सुचवला 1946 मध्ये; सीटीच्या गणितासाठी पुढे नोबेल मिळवणारे कॉरमॅक यांनी 1963 मध्येच प्रोटॉनने चित्र काढता येईल असं लिहून ठेवलं होतं.

अडलंय ते दोन ठिकाणी. शरीरात प्रोटॉन सरळ जात नाही, अणूंच्या धक्क्यांनी थोडा थोडा वळत जातो, म्हणून चित्र पुसट येतं. ते सुधारायचं तर एकेका प्रोटॉनचा माग काढायला हवा आणि एका स्कॅनला ते कोट्यवधी लागतात; तेवढे वेगवान डिटेक्टर आता कुठे तयार होताहेत. दुसरं म्हणजे ऊर्जा. 230 एमईव्हीचा (एमईव्ही हे ऊर्जेचं माप) प्रोटॉन पाण्यात जेमतेम 33 सेंमी जातो. डोकं पार होईल, पण मोठ्या माणसाची कंबर आडवी पार होणं कठीण. त्यामुळे आधी डोक्याच्या गाठींनाच याचा फायदा होईल, असं मला मनापासून वाटतं.

सध्या तुमच्या हातात आहे ते एवढं: भाच्याला शंट (मेंदूतलं पाणी काढणारी नळी), क्लिप किंवा दाताला धातूची कॅप असेल तर सीटीच्या आधीच तिथल्या टीमला सांगा. धातूमुळे चित्रावर पट्टे येतात आणि प्रोटॉनचा हिशोब तिथेच सगळ्यात जास्त चुकतो.