ओम्नीचा फॅन बेल्ट दोनदा बदलूनही ओरडतोय? आधी पुली बघा

रामराम दादा. तुमची अडचण वाचली. खानापूरजवळच्या गावातून रोज पहाटे भाजी घेऊन बेळगावला जाणारी ओम्नी, आठ महिन्यांत फॅन बेल्ट दोनदा बदलून झाला, तरी पावसाळी सकाळी सेल्फ मारला की किंचाळते आणि मधूनच बॅटरीचा लाल दिवा मिणमिणतो. तिसरा बेल्ट घरीच टाकू का, असं तुम्ही विचारलंय. टाका, घरी होण्यासारखंच काम आहे. पण नुसता बेल्ट बदलला तर दिवाळीपर्यंत चौथा आणावा लागेल. दोन बेल्ट वाया गेले म्हणजे दोष बेल्टच्या बाहेर कुठेतरी आहे.

मी बोलतोय तो बाहेरच्या बेल्टबद्दल. ओम्नीत टायमिंग बेल्टही असतो, तो कव्हरच्या आत, दातांचा. त्याला घरी हात लावू नका, एक दात इकडचा तिकडे झाला तरी टायमिंग जातं. ईकोत त्या जागी चेन आहे, त्यामुळे ईकोवाल्यांना ती काळजी नाही.

फॅन बेल्ट हे नाव जुन्या गाड्यांपासून चालत आलंय. ओम्नीचा रेडिएटरचा पंखा विजेवर फिरतो. बेल्ट फिरवतो तो वॉटर पंप (इंजिनात पाणी फिरवणारा) आणि डायनामो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर). म्हणून बेल्ट तुटला तरी पंखा फिरत राहतो, आणि तिथेच माणूस फसतो. मी फसलोय. चोर्ला घाटात, भर जुलैत, घरची माणसं गाडीत असताना लाल दिवा लागला. पंखा चालू दिसला, म्हणून वाटलं बॅटरीवर खाली उतरू. पाणी फिरतच नव्हतं. तापमानाच्या काट्याकडे लक्ष जाईपर्यंत हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेली होती. त्याच्या पंधरा दिवस आधी एका मेस्त्रीने आवाज बंद व्हावा म्हणून बेल्ट तारेसारखा ताणून दिला होता. त्या ताणाने वॉटर पंपाचं बेअरिंग सुटलं, पुली डुलायला लागली आणि नवाकोरा बेल्ट कडेने सोलून तुटला. लाल दिवा पेटून राहिला की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, मग भाजीला उशीर झाला तरी चालेल.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. पावसातच का ओरडते? पाणी उडतं हे खरंच, पण त्या वेळी तुम्ही हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावता. पहाटेच्या सेल्फने बॅटरी थोडी उतरलेली असते, ती डायनामोकडून करंट ओढते. डायनामोवर भार आला की तो फिरायला जड होतो आणि बेल्ट घसरतो. त्यामुळे एखाद्या कोरड्या दिवशी इंजिन चालू ठेवून सगळे दिवे आणि ब्लोअर एकदम लावून बघा. तेव्हाही ओरडली, तर पावसाला बोल लावण्यात अर्थ नाही.

बॅटरी मीटरवर तपासा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवेत. सकाळी बाराच्या खाली दिसली तर बॅटरी म्हातारी झालीय, आणि ती रोज बेल्टवर ओझं टाकतेय.

मग इंजिन थंड असताना सीट उचला, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ती काढल्याशिवाय डायनामोजवळ पाना नेऊ नका, पाना टेकला तर ठिणगी उडते. बसलेल्या बेल्टचा फोटो काढून ठेवा. डायनामोचा खालचा बोल्ट आणि ताण ठरवणाऱ्या पट्टीवरचा बोल्ट दोन्ही ढिले करा (बहुतेक काम १२ आणि १४ च्या पान्यांत होतं), डायनामो इंजिनकडे ढकला, बेल्ट सुटून हातात येतो.

इथे घाई करू नका, खरं काम आता आहे. बेल्ट नसताना वॉटर पंपाची पुली हाताने फिरवा, मग धरून पुढे-मागे हलवा. डुलली किंवा खरखरली तर पंप बदलायला आलाय. पंपाखाली कूलंटचा ओघळ दिसला तरी तेच. डायनामोची पुलीही तशीच बघा. मग पुलीच्या खाचेत टॉर्च लावून नजर टाका. आपल्याकडचा तांबडा चिखल खालून उडतो, खाचेत बसतो आणि वाळला की पॉलिश पेपरसारखं काम करतो. तुमचा रस्ता पाहता मला पहिला संशय याचाच आहे. खाच तारेच्या ब्रशने घासा, कोरड्या फडक्याने पुसा. पेट्रोल-डिझेलचं फडकं नको, त्याने रबर फुगतं. तिन्ही पुल्या (वॉटर पंप, डायनामो आणि बेल्टला फिरवणारी इंजिनची पुली) एका रेषेत आहेत का, हे लांब स्टीलची पट्टी लावून कळतं.

हा व्ही बेल्ट, म्हणजे खाली निमुळता होणारा, पुलीच्या खाचेच्या दोन भिंतींवर चालायला हवा. जुन्या बेल्टचा तळ चकचकीत झाला असेल, तर तो खाचेच्या बुडाला टेकत होता, म्हणजे बेल्ट अरुंद होता किंवा पुली झिजलीय. झिजलेल्या पुलीत कितीही महाग बेल्ट टाका, तो ओरडणारच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओळखीचा टर्नर असेल तर पुली त्याच्या डोळ्याखालून घाला. बेल्टवर तेल दिसलं तर आधी गळती बंद करा, कारण तेल प्यालेला बेल्ट पुसून सुधारत नाही. आणि साबण, मेणबत्ती, फवाऱ्याचं बेल्ट ड्रेसिंग यांतलं काही लावू नका. आवाज दोन दिवस दबतो, मग धूळ चिकटून खाच आणखी खराब होते.

दुकानात जुना बेल्ट घेऊन जा. पाठीवरचा नंबर पुसला असेल तर नवा-जुना एकमेकांवर धरून रुंदी बघा. लांबीला जुना थोडा ताणलेला असतो, एवढं लक्षात ठेवा.

नवा बेल्ट स्क्रूड्रायव्हरने पुलीवर चढवू नका, आतले धागे तुटतात. डायनामो पूर्ण आत ढकलला की तो हातानेच बसतो. मग टॉमी (लोखंडी दांडा) डायनामोच्या जाड अंगाला लावून बाहेर ओढा आणि आधी पट्टीचा, मग खालचा बोल्ट आवळा. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबल्यावर बेल्ट पाऊण सेंटीमीटरच्या आसपास खाली जावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तोच धरा. तारेसारखा वाजला तर जास्त झालंय.

बॅटरी जोडून दहा मिनिटं इंजिन चालवा, बंद करून ताण पुन्हा बघा. नवा बेल्ट खाचेत बसताना थोडा सैल पडतोच, म्हणून चार-पाच दिवसांनी परत एकदा बघायचा. मला वाटतं तुमचे आधीचे दोन बेल्ट यानेही मेले असतील, बसवून दिले आणि कोणी परत बघितलेच नाहीत.

एवढं करून ओरडला तर चालू इंजिनवर, हात, मफलर, बाही लांब ठेवून, बाटलीने थोडं पाणी बेल्टवर शिंपडा. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, ताण किंवा खाच बघा. क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुल्या रेषेत नाहीत. पाण्याने काहीच फरक पडला नाही आणि आवाज घरघरीचा असेल, तर बेअरिंग.

काढलेला बेल्ट धड असेल तर तो आणि दोन पाने सीटखाली ठेवा. जांबोटीच्या पुढे रात्री दुकान मिळत नाही. खाच बघितली की फोटो टाका, बेल्टच्या तळाचाही.