प्रेमात त्याग नेहमी मुलीनेच का करायचा? मुलं काहीच सोडत नाहीत का?

सोडतात की. पण कोणी काय सोडायचं हे दोघांनी बसून ठरवलेलंच नसतं, ते आधीपासून ठरलेलं असतं, घोळ तिथे आहे. त्याने कमवायचं, रडायचं नाही, टेन्शन एकट्याने गिळायचं आणि तिने नोकरी, शहर, मैत्रिणी सगळं सोडून ॲडजस्ट करायचं.

बरं, हिशोब सारखा असतो असंही नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ना, त्यांच्या अभ्यासात हेच दिसतं की स्त्री-पुरुषांच्या कमाईतला फरक पहिल्या मुलानंतर जास्त वाढतो. म्हणजे मूल दोघांचं आणि करिअरला ब्रेक बहुतेक वेळा तिच्याच!

माझं मत विचाराल तर सोडायच्या आधीच बोला, किती काळासाठी सोडतोय आणि पुढच्या वेळी कोणाची पाळी, नाहीतर "मी तुझ्यासाठी एवढं केलं" हे थेट भांडणातच ऐकायला मिळतं. तुझी ट्रान्सफर झाली तर तो जॉब सोडून येईल का हे विचारून बघ, आणि हो, तो सहा महिने घरी बसला तर तुला चालेल का हे त्यालाही विचारू दे, इथे भल्याभल्या समानतावाल्या मुली पण गप्प होतात.