आर्किटेक्चरच्या मुलांना कम्प्युटेशनल डिझाइन पार्ट टाइम शिकवायला बोलावलंय. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की ग्रासहॉपर (राइनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये डबे एकमेकांना जोडून आकार रचायचं साधन) चांगलं येतं, नोकरी सांभाळून आठवड्यातून एक दिवस जायचंय, हातात चौदा आठवडे आहेत आणि त्यातले पहिले आठ सॉफ्टवेअरला, उरलेले फॅब्रिकेशनला, म्हणजे प्रत्यक्ष कापण्या-जोडण्याला, असा आराखडा केलाय. मी सहा वर्षं हेच काम करतेय, नोकरी सांभाळूनच. पहिल्या वर्षी माझा आराखडा अगदी असाच होता. तो उलटा करा. आठ आठवडे नुसतं सॉफ्टवेअर म्हणजे नमनालाच घडाभर तेल.

त्या पहिल्या वर्षीचा एक प्रसंग सांगते. एका मुलीने प्लायच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून उभा राहणारा वळणदार पॅव्हिलियन, म्हणजे मंडप, केला होता. स्क्रीनवर सुंदर दिसायचा. एकूण चौऱ्याऐंशी पट्ट्या. दुकानदार ज्याला ६ मिमी म्हणतो ती शीट, म्हणून तिने खाचा ६ मिमीच्या काढल्या. शीट प्रत्यक्षात ५.६ भरली. वर कापणारा लेसर स्वतःच्या जाडीएवढं लाकूड जाळतो, त्याला कर्फ म्हणतात. त्या मशीनवर तो ०.२ मिमी होता, म्हणजे खाच झाली ६.२. एका सांध्यात ०.६ मिमीची ढिलाई हाताला जेमतेम जाणवते. सगळ्या सांध्यांत ती साचली तेव्हा मॉडेल नुसतं टेकवलं तरी एका बाजूला कलायचं. शिवाय पट्ट्यांवर नंबर कोरलेले नव्हते. ज्युरीच्या, म्हणजे काम तपासून घेण्याच्या दिवसाच्या, आदल्या रात्री ती त्या ढिगापुढे मांडी घालून एकेक पट्टी दुसरीला लावून बघत होती.

चूक तिची नव्हती, माझी होती. आठ आठवडे मी तिला स्लायडर (आकडा सरकवून बदलायचं बटण) हलवायला शिकवलं, पण जाडी हाच पहिला स्लायडर असला पाहिजे हे एकदाही सांगितलं नाही.

आता पहिल्याच तासाला आम्ही ‘कंगवा’ कापतो. हाताएवढा तुकडा, त्यात ५.० पासून ०.१ च्या फरकाने वाढत जाणाऱ्या दहा खाचा. मुलं त्याच शीटचा तुकडा प्रत्येक खाचेत घालून बघतात: कुठली घट्ट, कुठली सैल, कुठलीत हातोडीने ठोकावं लागतं. जी बरोबर बसते तिचा आकडा फाइलमध्ये जातो. शीट बदलली की आकडा बदलायचा, सगळं मॉडेल आपोआप बदलतं. पॅरामेट्रिक या शब्दाची व्याख्या मी त्यानंतर फारशी सांगत बसत नाही.

दुसऱ्या आठवड्यातही कम्प्युटर बंद. दोन खिळ्यांना साखळी टांगायची, मध्ये वजनं अडकवायची, फोटो काढून उलटा करायचा. गौडी या स्पॅनिश आर्किटेक्टने बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी दोऱ्या आणि छर्‍यांच्या पिशव्या टांगून हेच केलं होतं. साखळीत फक्त ताण असतो, म्हणून उलटी केलेली कमान फक्त दाब घेते. मग तीच साखळी ग्रासहॉपरच्या कांगारू प्लगइनमध्ये करायची, ते वजन आणि ताण धरून आकार शोधतं. एक वजन सरकवलं की सगळा आकार हलतो हे हाताने अनुभवलेलं असलं, की स्क्रीनवरचं हलणं जादू वाटत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये वेळ खरा लागतो तो डेटा ट्रीला, म्हणजे फांद्याफांद्यांत लावलेल्या याद्यांना. मुलं काय करतात, तर चूक होऊन ग्रासहॉपरचा डबा लाल झाला की फ्लॅटन दाबतात, नाही जमलं तर ग्राफ्ट, लाल गेला की खूश! अर्थ कळलेला नसतो. मी कागदावर काढायला लावते: पाच रेषा, प्रत्येकीवर तीन बिंदू. फ्लॅटन केलं तर पंधरा बिंदूंची एकच यादी, कुठला बिंदू कुठल्या रेषेचा ही ओळख पुसली. ग्राफ्ट केलं तर पंधरा फांद्या, प्रत्येकीवर एक बिंदू. प्रत्येक पायरीला पॅनेल (आतली यादी दाखवणारी पाटी) जोडून बघायची सवय लावा. कंटाळतात, पण लावा.

बाकीच्या खोड्या पटापट सांगते. लाकूड कोरणाऱ्या राउटर मशीनचा बिट, म्हणजे फिरणारं पातं, गोल असतो, ६ मिमीच्या बिटने आतला कोपरा ३ मिमी त्रिज्येचाच निघतो, म्हणून चौकोनी तुकडा बसायला कोपऱ्यात जादा भोक घ्यावं लागतं. थ्रीडी प्रिंटरला देतात त्या एसटीएल फाइलला एकक नसतं, प्रिंटर आकडा मिमी धरतो. मीटरमध्ये काढलेलं बारा सेंटीमीटरचं मॉडेल प्रिंटरला ०.१२ मिमीचं दिसतं, आणि मुलं सांगत येतात की फाइल रिकामी आहे. पीव्हीसी लेसरवर कधीच नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसंही खातो आणि मशीनही.

पार्ट टाइमचं म्हणाल, तर पगार वर्गातल्या तासांचा मिळतो आणि काम रात्री घरी येतं. वीस जणांच्या कटिंग फाइल, त्यातल्या निम्म्यांत एकावर एक दोनदा काढलेल्या रेषा. लेसर त्या रेषेवरून दोनदा फिरतो आणि कड करपते. मी एकदा एका कॉलेजात फाइल तपासण्याचे तास वेगळे मागितले, तर म्हणाले, ‘तेवढं तर करतातच सगळे.’ तुम्ही होकार देण्याआधीच मागा. आणि मशीन आठवड्यातून किती तास तुमच्या वर्गाला मिळणार हेही लिहून घ्या, कारण ज्युरीच्या आठवड्यात सगळ्या वर्षांची मुलं एकाच लेसरपुढे रांगेत असतात. तिथला ऑपरेटर तुमच्यापेक्षा जास्त जाणतो. पहिल्या दिवशी डीनच्या आधी त्यांना भेटा आणि त्यांच्या मशीनचा कर्फ विचारा.

मग शीट आली की कॅलिपर मुलांच्या हातात द्या आणि चारही कोपऱ्यांची जाडी मोजायला लावा. आकडे सहसा चार वेगळे येतात, आणि मुलं कॅलिपर बिघडलाय म्हणतात.