विस्कॉन्सिन-मॅडिसनला पहिल्या वर्षी फिग घ्यावा का?

बारावी करून थेट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात चाललायस, फिग घेणार का असा मेल आलाय आणि हा काय प्रकार आहे, घ्यावा का, असं विचारलंयस. मी घेतला होता. डिग्रीत बसत असेल तर नक्की घे.

फिग म्हणजे फर्स्ट-इयर इंटरेस्ट ग्रुप. साधारण 20 फ्रेशर्स पहिल्या सेमिस्टरला तीन कोर्स एकत्र करतात. त्यातला एक छोटा सेमिनार फक्त या वीस जणांचा, प्रोफेसर स्वतः शिकवतात, आणि बाकीचे दोन त्या विषयाला धरून असतात. मोठ्या लेक्चर हॉलमध्ये शेकडो पोरं असतात, कोणी कोणाला ओळखत नाही, पण तिथेही तुझे हे वीस चेहरे दिसतातच, आणि खरा फायदा तोच आहे. आम्ही चार-पाच जण कॅम्पसवरच्या हेलन सी. व्हाइट इमारतीतल्या लायब्ररीत रात्री उशिरापर्यंत गणितं सोडवत बसायचो, कोणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं.

आपल्याकडून गेलेल्यांना याची जास्त गरज आहे असं मला मनापासून वाटतं, कारण आपण जेईई-सीईटीसाठी दार लावून एकट्याने घोकलेलं असतं. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या उरी ट्राइसमन यांनी कॅल्क्युलसला कोण मागे पडतंय ते बघितलं, तर कृष्णवर्णीय मुलं मेहनत भरपूर करायची पण बहुतेक एकटीच, आणि चिनी वंशाची मुलं आधी स्वतः करून मग एकत्र बसून उत्तरं ताडून बघायची. मग त्यांनी एकत्र बसून अवघड गणितं सोडवायच्या वर्कशॉप घेतल्या आणि मुलांचे मार्क वाढले.

मॅडिसनला एकत्र शिकायची ही कल्पना जुनीच आहे बरं का, 1927 ला अलेक्झांडर मायकलजॉन या शिक्षणतज्ज्ञांनी इथेच एक्सपेरिमेंटल कॉलेज काढलं होतं, पहिलं वर्षभर फक्त प्राचीन अथेन्स आणि दुसरं वर्ष अमेरिका, मुलं आणि शिक्षक एकत्र वाचायचे! 1932 ला ते बंद पडलं. आत्ताचे फिग 2001 पासूनचे.

निवडताना विषयाच्या भारी नावावर जाऊ नकोस, जोडलेले दोन कोर्स तुझ्या डिग्रीत मोजले जातात का ते आधी बघ. तिन्ही एकदमच घ्यावे लागतात, त्यामुळे इंजिनिअरिंग असेल तर कॅल्क्युलस, केमिस्ट्रीच्या वेळा जुळतात का ते सोअरला (नव्या मुलांचं ओरिएंटेशन आणि कोर्स नोंदणी असते तेव्हा) अ‍ॅडव्हायझरला विचार. होस्टेलवाली लर्निंग कम्युनिटी वेगळी, तिथे एका मजल्यावर राहता, कोर्स एकत्र असतीलच असं नाही. दोन्हीतलं एकच जमणार असेल तर मी फिगच म्हणेन. जागा थोड्याच असतात, म्हणून दोन-तीन पर्याय आधीच काढून ठेव.