पोट्टीला ती हिरवी कॅप्सूल देऊ का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी ४ वर्षांची आहे, केजी वनला जाते. सासऱ्यांची बायपास झाली तेव्हापासून आमच्याकडे सगळा स्वयंपाक जवळपास बिनतेलाचाच असतो, पोट्टीपण तेच खाते. थंडीत तिचे गाल आणि पाय लई उलतात. नणंद म्हणते व्हिटॅमिन ई कमी असेल, आपण चेहऱ्याला लावतो ती ४०० ची हिरवी कॅप्सूल दुधात फोडून दे. देऊ का?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नका देऊ. ४ वर्षांच्या लेकराला दिवसाला लागतं ७ मिलिग्रॅमच्या आसपास (१ ते ३ वर्षांच्यांना ६), आणि या वयात गोळ्या-औषधातून घ्यायची वरची मर्यादाच ३०० मिलिग्रॅम आहे, तुमची एकच कॅप्सूल ४०० ची. जास्त झालं की रक्त गोठायच्या कामात अडथळा येतो. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून ती निरुपद्रवी होत नाही ना!

गालांचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत नागपुरात कोणाचे गाल उलत नाहीत? आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल चोळा. खरी ई ची कमतरता झाली तर त्रास नसांना होतो, चालताना तोल जातो, आणि धडधाकट मुलांत ती क्वचितच दिसते, लिव्हर-पित्ताच्या आजारामुळे ज्यांना खाल्लेलं तेल-तूपच पचत नाही अशांत जास्त. म्हणून शी पांढुरकी, तेलकट, उग्र वासाची होत असेल किंवा वजन वाढायचं थांबलं असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

मला खटकलं ते बिनतेलाचं. अहो, व्हिटॅमिन ई असतंच मुळात तेलात आणि तेलबियांत, शिवाय अंगी लागायलाही जेवणात तेल-तूप लागतं. सासऱ्यांचं पथ्य सासऱ्यांना, त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं तसं. ४ ते ६ वर्षांच्या मुलांना दिवसभरात २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे पाचेक चमचे तेल-तूप मिळून चालतं. तिची भाजी वेगळी कशाला करता, तिच्या ताटातल्या वरणभातावर वरून फोडणी घाला, गोळाभातावर आपण नाही का गरम तेल घेत, तसंच. सूर्यफूल तेलाच्या एका चहाच्या चमच्यात २ मिलिग्रॅमच्या जवळपास ई असतं, करडी तेलात थोडं कमी, फल्ली म्हणजे शेंगदाणा तेलात त्याच्या निम्म्याहूनही कमी. तूप द्या, पण त्यात ई अगदीच थोडं. जवसाची चटणी आपली लाडकी, पण शरीराला हवा तो ई चा प्रकार जवसात नावालाच, ती ओमेगा-३ साठी खा.

बदाम ४-५ दिले तर दीड मिलिग्रॅमपर्यंत मिळतं, बदाम परवडत नसतील तर इतवारीतून सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया आणा, भाजून कूट करा आणि पोळीच्या लाडूत घाला. पण बदाम काय नि दाणे काय, या वयात अख्खे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. आणि पुऱ्या तळून उरलेलं तेल तिच्या फोडणीला नको, पुन्हा पुन्हा तापवलं की त्यातलं ई उडून जातं.