‘अंगानं भरलीस की गं!’

लेस्टरहून एका आईनं लिहिलंय. जुलैत शाळेला सुट्टी लागली की त्या दोन्ही मुलांना घेऊन कोल्हापूरला सासरी येतात. यंदा उंबऱ्यातच आजीनं भाकरतुकडा ओवाळला, चौदा वर्षांच्या नातीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाल्या, ‘अंगानं भरलीस की गं!’ पाठोपाठ काकी, ‘लई आडवी झालीस, तिकडं नुसतं पिझ्झा खातीस व्हय?’ सोळा वर्षांच्या भावाला काका म्हणाले, ‘काडी झालायस, तालमीत घालूया तुला.’ सगळे हसले. परत गेल्यापासून मुलगी शाळेचा डबा तसाच आणते, भाताला हात लावत नाही, उकाड्यातही सैल हुडी घालून बसते. आईचा प्रश्न आहे, हे वयाचे नखरे समजायचे की काळजी करायची?

ताई, काळजी करा, आणि याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.

वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी वाढते, मांड्या-कंबर रुंदावतात. ही वाढ आहे, शरीराला ती हवीच असते. नेमकं त्याच वेळी खाणं तोडलं तर पाळी थांबते, चक्कर येते, थंडी वाजते, हाडं कच्ची राहतात, हृदयाचे ठोके मंदावतात. ॲनोरेक्सिया, म्हणजे जाड होण्याच्या भीतीनं खाणं तोडण्याचा आजार, हा मानसिक आजारांतला सगळ्यात जीवघेण्यांपैकी एक आहे. वजन काट्यावर ठीक दिसणारं मूलही आजारी असू शकतं, त्यामुळे ‘बारीक तर दिसत नाही’ म्हणून थांबू नका. जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाणं, दिवसातून चार वेळा वजन करणं, चिडचिड, एकटं राहणं, हे दिसतंय का बघा. ‘मी नसले तर बरं’ असं काही बोलली तर तासभरही वाट पाहू नका.

इंग्लंडमध्ये मुलांच्या खाण्याच्या आजारांवर तातडीच्या वेळी एका आठवड्यात आणि एरवी चार आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, असं एनएचएसचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, उद्दिष्ट आहे. जीपीला, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरांना, हे ठासून सांगा. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आलेली उपचारपद्धती आज बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यात मुलीला दोष न देता काही काळ जेवणाची सूत्रं आईवडील हातात घेतात, शेजारी बसून खाऊ घालतात. आपल्या घरांना हे जमण्यासारखं आहे.

आता आजींबद्दल. त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्या तोंडी ‘अंगानं भरली’ म्हणजे खात्यापित्या घरची, तब्येतीनं चांगली. नातीला मराठी अर्धं कळतं, तिनं फक्त ‘जाड’ ऐकलं. तिच्या फोनमध्ये तर हेच दिवसभर चालू असतं. दर तीनपैकी एका किशोरवयीन मुलीची शरीराबद्दलची नाराजी आपण वाढवतो, असं इन्स्टाग्रामच्या कंपनीनंच आपल्या अंतर्गत कागदांत लिहून ठेवलेलं २०२१ मध्ये उघड झालं. त्यात घरच्यांची भर कशाला?

आजींशी त्यांच्याच भाषेत बोला. तान्ह्या बाळाला ‘किती गुटगुटीत’ असं तोंडावर म्हणायचं नाही, दृष्ट लागते, हे आपल्याला त्यांच्याच पिढीनं शिकवलं. गालावर तीट लावायची ती त्यासाठीच. ‘आई, नात मोठी झाली तरी तिला दृष्ट लागते, तिच्या अंगाबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलू नका,’ एवढं सांगा. मला वाटतं, मानसशास्त्राच्या व्याख्यानापेक्षा त्यांना हे लवकर पटेल. काकीला मात्र स्पष्ट सांगावं लागेल, ते काम नवऱ्यानं करावं.

आणि मुलाला विसरू नका. ‘काडी’ त्यालाही लागलीय. तो प्रोटीन पावडरचे डबे मागवायला लागला, आरशासमोरून हलेना, तर तोही त्याच वाटेवर आहे. पुढच्या वेळी त्याला कोल्हापूरचं कुस्तीचं खासबाग मैदान दाखवा. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेलं. जुन्या मल्लांचे फोटोही दाखवा. पोट सुटलेलं, मान जाड, पोटावर सहा चौकोन कुठेच नाहीत, आणि याच देहांनी कुस्त्या मारल्या.

आजींना फोन मुलगी शाळेत असताना करा. आणि संध्याकाळी ती घरी आली की पानात भात वाढून तिच्या शेजारी बसा. किती खाल्लं ते विचारू नका, दिवस कसा गेला ते विचारा.